सातव्या जागेचा हिवाळा

परवा सणसवाडीच्या चौकात या वर्षीचा पहिला हुरडा दिसला. रस्त्याच्या कडेला आगटी पेटवून एक नवरा-बायको बसले होते. तो कणसं भाजत होता, ती गरम कणीस तळहातावर चोळून दाणे पाखडत होती. मी गाडी लावली, कागदावर हुरडा घेतला, वर शेंगदाण्याची चटणी, आणि उभ्या उभ्याच पहिला घास तोंडात टाकला. तेवढ्यात शेजारच्या टपरीवरून आवाज आला, "त्याला काय बघून घेतला रे टीममध्ये?" दुसरा म्हणाला, "मग काय तुझ्या मेव्हण्याला घ्यायचा?" भारताचा सामना तोंडावर आला होता. दोघांच्याही अंगात कंपनीचे निळे शर्ट, दोघांनाही कामावर जायला उशीर झालेला, आणि निवड समिती नावाची गोष्ट दोघांनीही फक्त पेपरात वाचलेली. मला एकदम बरं वाटलं. धूर डोळ्यांत गेला होता तरी मी हसत होतो.

कुणी कुणाची टीम निवडत असलं की त्यात तोंड घातल्याशिवाय मला राहवत नाही. त्या पोरांच्या भांडणातही मी घातलंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पिकलेले केस पाहिले, आणि "काका, तुम्ही कुठल्या जमान्यातले?" असं विचारलं. मी म्हटलं, "ज्या जमान्यात टीम निवडायची तर आधी घरातली अंडी द्यावी लागायची." त्यांना काही कळलं नाही. कळायचं कारणही नाही. हुरडा आणि टीमचं भांडण हा एकच मोसम आहे हे केंदुरात ज्यानं तो हिवाळा काढला त्यालाच कळेल.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी सणसवाडीला कंपनीत पहिल्या पाळीला जायचो आणि दिवस मावळायच्या आत केंदुरात परतायचो. डबा घरात टेकवला की थेट डेअरीची पायरी. गावाला पार होता, देवळाचा ओटा होता, पण खरं गाव भरायचं ते दूध डेअरीच्या पायरीवर. तिथं सगळ्या आळ्यांची माणसं येत, कारण म्हैस कुणाचीही असो, दूध एकाच कॅनमध्ये पडायचं. कॅनच्या झाकणांचा खणखणाट, सांडलेल्या दुधाचा आंबूस वास, थंडीनं कान बांधलेली माणसं, आणि हातात कुणाच्या तरी रानातून आलेली हुरड्याची कणसं. दुधाची जीप गेली की दोन पायऱ्या आणि समोरचा दगड एवढ्या जागेत आमची निवड समिती बसायची.

आमचा कसोटी सामना म्हणजे दौंडाशी कबड्डी. दर हिवाळ्यात, पाबळच्या बाजाराच्या दिवशी, बाजारालगतच्या मैदानावर. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव, तिथं रेल्वेच्या क्वार्टरांमागं पोरं बारा महिने खेळायची. आम्ही शेतीतनं उसंत मिळेल तसे. त्यामुळं दौंडाला हरवणं म्हणजे आमच्यासाठी सगळं जग जिंकणं. एरवी भारत हरला तरी केंदुरात जेवणं व्हायची. दौंडाकडून हरलं की त्या संध्याकाळी चुली उशिरा पेटायच्या.

आणि टीम निवडायची आमची एक रीत होती. नुसतं नाव सुचवायचं नाही. ज्याला एखादा खेळाडू टीममध्ये हवा असेल त्यानं पायरीवर उभं राहून म्हणायचं, "ह्याचा खुराक माझ्याकडं." म्हटलं की संपलं. सामना होईपर्यंत त्या खेळाडूला दूध, अंडी, खारीक-खोबरं, जे असेल ते आपल्या घरातून पोचवायचं. त्यामुळं मत देताना माणूस आधी आपल्या कोंबड्यांकडं बघायचा. आणि एक अट: घरच्यानं घरच्या खेळाडूचा खुराक उचलायचा नाही, त्याच्याविषयी पायरीवर तोंडही उघडायचं नाही. भावकी म्हणजेही घरच. ही अट नसती तर दर साली सरपंचांचाच पोरगा कॅप्टन झाला असता, असं आप्पा म्हणायचे. आप्पा डेअरीत दूध मोजायचे आणि पायरीवर रीत सांभाळायचे.

ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण तिनं एक मोठं काम केलं. एरवी ज्या घरचं पाणी ज्या घरात जात नव्हतं, त्या घरची अंडी त्या घरात गेली. आमच्या बौद्धवस्तीतली पोरं पाटलांच्या म्हशीचं दूध प्याली, आणि वरच्या आळीतला एक पोरगा माझ्या आईनं उकडलेली अंडी खाऊन मैदानात कोपरा सांभाळायचा. पुढं तो आईला रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. मी हे उगाच मोठं करून सांगत नाही. सामना संपला की बरंचसं पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. पण बरंचसं, सगळं नाही.

आता गावाचा मोबाईलवर गट आहे. तिथं मत द्यायला काही लागत नाही, म्हणून प्रत्येकाची दहा मतं असतात. अंगठा उचलायचा आणि मोकळं व्हायचं. मीही त्यात पहिल्या नंबरचा आहे, नाही म्हणत नाही. पण रात्री फोन बाजूला ठेवताना वाटतं, यातल्या एकालाही आपण भाकरीसुद्धा खाऊ घालणार नाही आहोत.

पायरीवर माझा हक्काचा वैरी होता बबन. बबनला खेळाडू म्हणजे वजन. तालमीत चार वर्षं गेलेला, त्यामुळं मान जाड आणि मत त्याहून जाड. मला चपळ पोरं आवडायची. मी स्वतः आयुष्यात एकही चढाई केली नाही. शाळेत एकदा मला मैदानात उतरवलं होतं, तेव्हा मी मध्यरेषेपर्यंत गेलो आणि दम संपला म्हणून परत आलो. पण चढाई कशी करावी हे मला बबनपेक्षा नक्की जास्त कळत होतं. "मग कर की!" तो म्हणायचा. "मी केली तर निवडनार कोन?" असं मी म्हणायचो, आणि पायरी हसायची.

तो हिवाळा मात्र पुरुषांच्या टीमचा नव्हताच. दोन वर्षांपासून पाबळला बायकांचाही सामना व्हायला लागला होता आणि दोन्ही वर्षं आम्ही मार खाल्ला होता. मार खाल्ला तो एकाच पोरीच्या हातून. दौंडाची शैला. उंच, सडसडीत, वेणी वर बांधलेली. चढाईला यायची ती गप्पा मारायला आल्यासारखी, आणि परत जायची तेव्हा आमच्या दोघीतिघी मैदानाबाहेर बसलेल्या असायच्या. दुसऱ्या वर्षी सामना संपल्यावर बबन म्हणाला होता, "ही पोरगी जवर दौंडात हाय तवर आपन पाबळला नुस्तं वांगी घ्यायला जायाचं." आणि त्याच उन्हाळ्यात शैलाचं लग्न झालं. केंदुरात. आमच्याच वस्तीत, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या तात्यांच्या रवीशी. आमचे दोन पराभव जिनं केले ती वाजतगाजत गावात आली. अख्खं केंदूर त्या लग्नाच्या मांडवात येऊन गेलं, आणि माझी खात्री आहे, प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार चालला होता.

सामन्याचा नियम साधा होता: जिथं राहतोस तिथून खेळ. दौंडाकडून खेळणं शैलाचं संपलं होतं. खेळली तर आता केंदुराकडूनच.

मग हुरड्याचे दिवस आले, पायरी भरायला लागली, आणि बायकांची टीम निवडायला घेतली. पहिल्या सहा जणी चुटकीसरशी ठरल्या. गावच्या लेकी होत्या सगळ्या. लेकीचा खुराक उचलायला कुणाची आडकाठी? गावची लेक म्हणजे सगळ्यांची लेक. बबननंही आपल्या आवडीची एक दणकट पोरगी उचलली आणि मी एक चपळ. सातव्या जागेवर गाडी अडली.

सगळ्यांना शैला हवी होती आणि कुणीच खुराक उचलेना. कारण ती लेक नव्हती, सून होती. तीही तात्यांची. तात्या म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. वस्तीतलं कुठलंही भांडण त्यांच्या ओट्यावर मिटायचं, आणि मिटल्यावर दोन्हीकडचे लोक त्यांना वचकून राहायचे. अशा माणसाच्या दारात रोज दुधाचा तांब्या घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "हे सूनबाईंना द्या." कोण म्हणणार? परक्या पुरुषानं कुणाच्या सुनेला अंडी पाठवायची म्हणजे गावाच्या तोंडाला चार महिन्यांचा खुराक. मी तर तात्यांच्या भावकीतला, मला तोंडच उघडता येत नव्हतं. गप्प बसणं मला तापासारखं चढतं. त्या दिवसांत मला खरोखरच बरं वाटत नव्हतं.

"सातवी जागा मोकळी ठिवू," बबन म्हणाला.

"कुनासाठी?" आप्पांनी विचारलं.

"कुनासाठी असं न्हाई. मोकळी."

"मंग मैदानात मोकळी जागा उतरवनार का तू?"

आप्पांनी एक मार्ग काढून पाहिला, एखाद्या बाईनं उचलावा. पण बाया दूध घालून चालत्या व्हायच्या, पायरीवर बोलायची त्यांची वहिवाट नव्हती. हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "एवढं मिशीवाले हुरडा खात बसताय, आन् अडलं की आमच्या गळ्यात व्हय?" 

या सगळ्यात तात्या रोज यायचे. दूध घालायचे, कॅन विसळायचे, टॉवेलाची घडी करून समोरच्या दगडावर बसायचे. ते आले की आमचे आवाज खाली यायचे आणि विषय कांद्याच्या रोपावर जायचा. तात्या काही बोलायचे नाहीत. काम झालं तरी उठायचेही नाहीत. आम्हाला वाटायचं, आमच्यावर नजर ठेवून आहेत, कोण आपल्या सुनेविषयी बोलतो ते बघत आहेत. ते उठून गेले की आम्ही मोकळा श्वास घ्यायचो.

कंपनीत रवीला विचारलं. तो तिथंच दुसऱ्या पाळीला, पाळी बदलताना गेटवरच गाठ पडायची. "मला काय इचारता? तात्या काय म्हनत्यात बघा," म्हणून तो आत पळाला. माझ्या लाइनवर बिहारचा एक वेल्डर होता. त्याला कबड्डीचं वेड. सगळी हकीकत मी त्याला डब्याच्या सुट्टीत सांगायचो. रोज सकाळी तो मास्क वर करून पहिला प्रश्न विचारायचा, "भाईसाब, सातवाँ कौन?" मी मान हलवली की तो मास्क खाली घ्यायचा आणि जास्तच जोरात ठिणग्या उडवायचा.

एका रविवारी मी बांधावरून चाललो होतो. तात्यांच्या ज्वारीच्या रानात शैला म्हशीसाठी कडवळ कापायला आली होती. भारा खाली ठेवलेला. तिनं टाचेनं मातीत एक रेघ ओढली, पदर कमरेला खोचला आणि ज्वारीच्या पहिल्या ओळीवर चालून गेली. एका धाटाला हात लावला, अंग चोरून वळली, दुसऱ्याला पाय लावला, आणि रेघेवर परत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुन्हा गेली, पुन्हा आली. मला पाहिल्यावर थबकली.

"बघितलं व्हय भावजी? तात्यांना सांगू नका."

"खेळायचंय का, वहिनी?"

"हे काय इचारनं झालं?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "लग्नात भांडी आली, कपाट आलं, सगळं आलं. खेळ तेवढा दौंडात राहिला. झोपेत पाय हालत्यात माझे. पन मी मागनार न्हाई. मागून खेळ मिळतो व्हय?"

भारा उचलून ती गेली. मी बराच वेळ ती रेघ बघत उभा होतो. इतकं वाईट मला आमच्या दोन्ही पराभवांत वाटलं नव्हतं. एका माणसाला जे येतं, ते त्याला करता येऊ नये, आणि कुणी वैरी नसताना येऊ नये, यासारखं दुसरं वाईट नाही.

मग किसनमामा आले. दर वर्षी दौंडाकडून कुणीतरी येऊन सामन्याचा दिवस आणि पंच ठरवून जायचं, तसे ते आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. क्वार्टरांमागच्या मैदानावर दौंडाच्या पोरींना तेच शिकवायचे. शिरूरहून येणाऱ्या एसटीतून उतरले ते गळ्यात शिट्टी घालूनच. पायरीवर त्यांना चहा दिला, हुरडा दिला. मामांनी हुरड्याची मूठ तोंडात टाकायच्या आधीच विचारलं, "टीम ठरली?"

"सहाजनी ठरल्या," आप्पा म्हणाले.

"सातवी आमची शैलीच असंल की."

बबन कणीस चोळत बसला.

"का? पोरगी आजारी हाय का?"

आप्पांनी सांगितलं. रीत सांगितली, अडचण सांगितली, सून म्हणजे काय हेही सांगितलं. मामांच्या हातातला हुरडा हातातच राहिला.

"म्हंजी पोरगी तुमाला पायजे. तिला बी खेळायचं असनारच, मी वळखतो तिला. आन् तांब्या कुनी न्यायचा म्हनून ती घरात बसनार?"

"तुमचंच बरं हाय की मामा," बबन म्हणाला. "ती न्हाई तर तुमी जिंकला."

"अरं, ती न्हाई तर आमी चहा निवायच्या आत जिंकतो! त्यात काय जिंकनं हाय?" मामा उठून उभे राहिले. चिडलेले होते. "शैलीचा खुराक माझ्याकडं."

पायरीवर एकच गलका झाला. विरोधी पार्टीच्या मास्तरनं आमच्या खेळाडूचा खुराक उचलला होता. बबन दोन पायऱ्या खाली येऊन ओरडला, "तुमी दौंडाचं! असं कुटं असतंय व्हय?" मी भावकीमुळं बोलू शकत नव्हतो म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवू नयेत असं रीतीत कुठं नव्हतं.

"आप्पा, रीत काय म्हनती?" मामांनी विचारलं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रीत म्हनती घरचा नको. गावचाच पायजे असं ती म्हनत न्हाई."

"पन माहेरचा म्हंजी घरचाच की!" बबन.

"मी तिच्या बापाचा कुनी लागत न्हाई," मामा म्हणाले. "परकर नेसायची तवापास्नं माझ्याकडं खेळायला येती. तेवढंच नातं. मला ती लेकच, मला अंडी न्यायला लाज न्हाई वाटत."

आणि मग सगळ्यांच्या माना समोरच्या दगडाकडं वळल्या. तात्या तिथंच होते. केव्हा आले होते कोण जाणे. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठले. मला वाटलं, झालं, आता मामांना गावाबाहेरचा रस्ता.

"मी रोज हितं बसतोय," तात्या म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "दूध घालून झालं तरी बसतोय. आज कुनीतरी म्हनंल, उद्या कुनीतरी म्हनंल. मी आलो की तुमी कांद्याचं रोप काढता. रीतीनं माझं तोंड बांधलंय. तुमचं कुनी बांधलं व्हतं?"

"तात्या, तुमाला राग यील म्हनून..." बबनचा आवाज पहिल्यांदाच त्याच्या मानेएवढा नव्हता.

"राग? मागल्या साली तिनं आपल्याला धूळ चारली तवा मी पाबळात मैदानाच्या कडंला उभा व्हतो. तवाच म्हनलं, ही पोरगी आपल्याकडं पायजे. रवीसाठी मीच इचारायला गेलो दौंडात. पोहं खाल्लं आन् तिच्या बापाला सैपाकाचं न्हाई, चढाईचंच इचारलं!"

आधी आप्पाच हसायला लागले, आणि त्यांच्यामागं सगळे. मामा पुढं झाले, "जय भीम, तात्या." तात्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

तेव्हापासून मी एक गोष्ट मानतो. आपल्याकडं एकमेकांचा मान राखण्यात जेवढी माणसं उपाशी राहिली तेवढी भांडणात राहिली नसतील. आम्ही तात्यांचा मान राखत होतो, तात्या रीतीचा राखत होते, रवी तात्यांचा, शैला सगळ्यांचा. पुढं कंपनीत, घरात, अगदी मुलाच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा असं सगळे गप्प झाले की मी सरळ विचारतो, "कुणाला काय पायजे ते बोला." बायको म्हणते, तुम्हाला पाचपोच नाही. नसेल. पण बोलून टाकल्यावर बहुतेक वेळा कळतं की सगळ्यांना एकच हवं होतं.

मामा शब्दाला जागले. दौंडाहून शिरूर, शिरूरहून केंदूर, दोन एसट्या बदलून पत्र्याच्या डब्यात तुसात ठेवलेली अंडी यायची, खारीक यायची, कधी त्यांच्या बायकोनं केलेले शेंगदाण्याचे लाडू. रोजचं दूध तेवढं तात्यांच्याच म्हशीचं. आप्पांनी ते मामांच्या खात्यावर समजून घेतलं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही असं बजावलं. मामा तात्यांच्या ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, पण खेळातलं एक अक्षर शिकवायचे नाहीत.

"शैले, खा. पन उजव्या कोपऱ्याचं काय इचारू नको. तिथं आता नवी पोरगी उभी केलीय."

"कोन वो मामा?"

"इचारू नको म्हनलं ना!"

गावच्या खळ्यावर सराव सुरू झाला. थंडीत माती गार आणि घट्ट, त्यावर पाणी मारून पायांनी तुडवलेली. शैला ट्रॅक पँट घालून पहिल्यांदा वस्तीतून खळ्याकडं निघाली तेव्हा दारं उघडली, काही कुजबुज झाली. तात्या पुढं चालत होते, काठी टेकत, जणू वरात काढली आहे. कुजबुज तिथंच विरली. त्या सहा लेकींना तिनं काय केलं ठाऊक नाही, पण पंधरवड्यात पोरी चालायलाच वेगळ्या लागल्या. बबन रोज येऊन कडेला बसायचा आणि वजनाविषयी काही बोलायचा नाही. माझ्या वेल्डरनं सामन्याच्या दिवसाची सुट्टी आधीच टाकून ठेवली.

पाबळचा तो दिवस मला अजून वासासकट आठवतो. चुन्याच्या ओल्या रेघा, बाजारातली मेथी, भज्यांचा घाणा, आणि ट्रॉल्या भरभरून आलेली माणसं. केंदुराच्या बाया पहिल्यांदाच सामन्याला आल्या होत्या. माझी आई सगळ्यांत पुढं, मैदानाच्या रेघेला जवळजवळ पाय लावून. पहिल्या डावात दौंड पुढं होतं. मामांच्या पोरी खरंच तयार होत्या, आणि उजव्या कोपऱ्यातली ती नवी पोरगी म्हणजे घोरपड, एकदा घोटा धरला की सुटका नाही. शैलालासुद्धा तिनं एकदा पाडलं. दौंडाच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या. बबननं माझा दंड इतका आवळला की दोन दिवस तो हिरवानिळा होता.

दुसऱ्या डावात आमच्या लेकींनी एकेक गुण वेचून आणला. बबनच्या दणकट पोरीनं चढाईला आलेल्या दोघींना एकामागून एक पाडलं, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटाला दोन्हीकडं सारखे गुण, आणि एकच चढाई उरलेली. आमची.

शैला निघाली. तशीच, गप्पा मारायला निघाल्यासारखी. समोर तिच्याच मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, ज्यांचे केस विंचरले अशा पोरी. ती डावीकडं झुकली, उजवीकडं हूल दिली, एकीला बोट लावायला गेली, आणि वळताना कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला. लगेच दुसरी कमरेला, तिसरी पाठीवर. तिघी तिच्या अंगावर आणि मध्यरेषा हातभर लांब. पलीकडून किसनमामा बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "सोडू नका! पोरींनो, सोडू नका तिला!" ज्यांनी तिला अंडी खाऊ घातली तेच. आणि इकडून माझी आई ओरडत होती, "वढ गं, वढ!" शैलाचा दम चालू होता. चेहरा मातीत, पण दम चालू. तिघींना घेऊन ती इंच इंच सरकली. मग हात लांबवला. बोटं चुन्याच्या रेघेवर टेकली आणि त्यांच्याखाली पांढरी माती फुटली.

पंचांनी हात वर केला. तीन गुण. केंदूर जिंकलं.

त्यानंतर काय झालं ते सलग सांगता येणार नाही. गुलाल उडाला, हलगी सुरू झाली. बबन रडत होता आणि मला सांगत होता की तो पहिल्यापासून हेच म्हणत होता. त्या संध्याकाळी गावात एकही माणूस असा सापडला नाही जो पहिल्यापासून हेच म्हणत नव्हता. वेल्डर कुणाच्या तरी खांद्यावर चढला होता. पुरुष खेळाडू जिंकला की आम्ही खांद्यावर घ्यायचो, पण सुनेला कसं घ्यावं या विचारात आम्ही पुन्हा घुटमळलो. तेवढ्यात आईनं आणि वस्तीतल्या बायांनी आम्हाला बाजूला सारलं आणि तिला उचललं. वरून ती दौंडाच्या पोरींना हाका मारत होती. त्याही गर्दीत घुसल्या, रडत आणि हसत.

दौंडाचा कुणीतरी मामांना म्हणाला, "आता दौंडात तोंड कसं दाखवनार?" मामा म्हणाले, "माझ्या पोरींनी कुनाला पाडलं बघितलंस ना? ती खेळली नस्ती तर कुनाला पाडून दाखवलं असतं?" मग शैलाजवळ जाऊन म्हणाले, "वळताना डावा पाय अजून उशिरा उचलतीस." तिनं त्यांच्या पायांना हात लावला. मामा तोंड फिरवून शिट्टीची दोरी सोडवत बसले. तिला गाठ पडलेली नव्हती.

इतक्या आनंदात मला एकच माणूस दिसेना. तात्या. मी मैदान पालथं घातलं, ट्रॉल्या बघितल्या. शेवटी ते दिसले बाजाराच्या तोंडाशी, कांद्याच्या ढिगाजवळ, टॉवेलानं तोंड पुसत. कांदेवाल्यानं विचारलं, "काय गलका चाललाय वो तिकडं? कोन जिंकलं?"

"माझी सून," तात्या म्हणाले.

आणि पुढं झाले. शेजारी मिरच्या घेऊन बसलेल्या बाईनं काही विचारलं नव्हतं. तात्या तिच्यासमोर थांबले. "माझी सून जिंकली," त्यांनी तिला सांगितलं. मग टोपल्या विकणाऱ्याला सांगितलं. चपला शिवणाऱ्यानं मान वर करायच्या आत त्याला सांगितलं. भजी तळणाऱ्याला, तराजू धरलेल्याला, बैल घेऊन चाललेल्या एका अनोळखी माणसाला, प्रत्येकाला थांबवून. मी मागून चालत राहिलो. हाक मारली नाही. सगळ्या बाजाराला सांगून झाल्याशिवाय तात्या काही घरी येणार नव्हते.